भांड्याच्या लिक्विडने गाडी धुतली तर रंग खरंच जातो का? (घरात अबोला आहे, लवकर सांगा)

मोरपंखी
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, प्रश्न एवढासा आहे, पण त्यावरून आमच्या घरात शुक्रवारपासून बाप-लेकीचं बोलणं बंद आहे, म्हणून इथे टाकतेय.

गाडी २०१७ ची स्विफ्ट, गडद निळा मेटॅलिक. सेकंडहँड घेतली त्याला अडीच वर्षं झाली. राहायला पुण्यात, नऱ्ह्यात. म्हणजे हायवेची धूळ, आजूबाजूला चार इमारतींची बांधकामं आणि सोसायटीला बोअरचं पाणी, कमी पडलं की टँकर. दिवाळीपासून आई-बाबा मिरजेहून आमच्याकडे आलेत. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे मळकी गाडी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. दर रविवारी साडेनऊ-दहाला ते एक बादली, त्यात दोन झाकणं भांड्याचं लिक्विड आणि आईने बाद केलेली घासणी घेऊन खाली उतरतात. तासाभराने वर येतात ते असे, की जणू एसटीला सातवा वेतन आयोग लागला.

गाडी चकचकीत होते, हे कबूल करायला हवं. तीन महिने हेच चाललंय.

शुक्रवारी कुणीतरी पार्किंगमध्ये दार घासून गेलं म्हणून एका डिटेलिंगवाल्याकडे (गाडी चकाचक करून देणाऱ्याकडे) गेले. त्याने मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरला. बारीक बारीक गोल ओरखडे, अगदी कोळ्याचं जाळं. शिवाय छतावर पांढरट ठिपके. म्हणाला, "मॅडम, डिशवॉश वापरता ना? साबणाने क्लिअर कोट खाल्लाय." म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. इलाज काय, तर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे त्यावर आणखी एक संरक्षक थर. अठरा हजार. आज बुक केलं तर सोळा.

घरी येऊन मी हे सांगितलं आणि तिथेच चूक झाली. बाबा म्हणाले, "त्याच साबणानं तुझ्या आईच्या रुखवतातल्या कपबश्या अजून नव्यासारख्या आहेत. काचेवरचं नक्षीकाम गेलं नाही आणि गाडीचा रंग जातो होय? त्याला सोळा हजार पाहिजेत, एवढंच." रविवार असून आज ते खाली उतरले नाहीत. गॅलरीतून गाडीकडे बघत बसले होते. मला कसंतरीच झालं.

तर विचारायचं एवढंच: साबणाने खरंच क्लिअर कोट "खाल्ला" असेल का? ती जाळी आणि ते ठिपके साबणाचेच का? आणि बाबांना थांबवू की नको?

टॉर्कवेडा
रविवार, रात्री ९:२६

आधी ते लिक्विड बंद करा. भांड्याचा साबण तेलकट कढई साफ करायला बनवलेला असतो, गाडीला नाही. त्यात लिंबू असतं, म्हणजे ॲसिड. मीठही असतं, म्हणजे गंज. माझ्या मित्राच्या लाल गाडीचा रंग दोन वर्षांत विटला. दोन-तीनशेचा कार शाम्पू आणायला काय जातं? लाखांची गाडी घ्यायची आणि शंभर रुपये वाचवायचे, हे मला कधी कळलं नाही.

चहाबाज
रविवार, रात्री ९:४१

आमचे वॉचमन काका कपड्याच्या पावडरीने धुतात. गाडी पांढरी होती, सहा वर्षांनी अजून पांढरीच आहे. (हलके घ्या.)

वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद आहे, फक्त बाबांच्या जागी सासरे आहेत, त्यामुळे मी गप्प आहे.

कुपवाडकरीण
रविवार, रात्री ११:०५

मोरपंखी, मी मिरजेजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये अकरा वर्षं हेच लिक्विड बनवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (मिरजेचं नाव वाचलं आणि राहवलं नाही, तेही कारण आहेच.)

टॉर्कवेडा, राग मानू नका, पण बाटलीवरचं लिंबू बहुतेक वेळा वासापुरतं असतं. भांड्याच्या लिक्विडचा पाया म्हणजे ॲसिड स्लरी, काकवीसारखा काळपट दाट द्रव. नावाप्रमाणे तो कडक आम्ल असतो, हातावर पडला तर भाजतो. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी हळूहळू घालून तो उदासीन करायचा, मग एसएलईएसची (फेस करणाऱ्या द्रव्याची) पेस्ट, रंग, वास आणि शेवटी मीठ. मीठ चवीला नाही, दाटपणाला. मूठभर टाकलं की लिक्विड मधासारखं घट्ट होतं आणि आणखी एक मूठ जास्त पडली की पुन्हा पाण्यासारखं पातळ. माझी पहिली बॅच अशीच वाया गेली होती. नीट बनवलेल्या मालाचा पीएच सातच्या आसपास असतो, म्हणजे ना आम्ल, ना अल्कली. भांडी घासणाऱ्या बाईच्या हातासाठीच तो तसा ठेवावा लागतो.

आता गंजाचा हिशेब. दोन झाकणं म्हणजे वीस मिली धरू. त्यात दोन टक्के मीठ धरलं तरी ०.४ ग्रॅम. दहा लिटरच्या बादलीत ते लिटरला ४० मिलिग्रॅम पडतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात नुसतं क्लोराइडच लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तुमच्या बोअरच्या पाण्यातच याहून जास्त क्षार असतील. त्यामुळे मिठाची भीती सोडून द्या.

क्लिअर कोटचंही तसंच. तो सुकलेल्या वॉर्निशसारखा नसतो. भट्टीत भाजताना त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळं होतं, ते बादलीभर फेसाने सुटत नाही. सुटतं ते त्याच्यावरचं मेण. वॅक्स म्हणजे शेवटी तेलकटच वस्तू, आणि तेलकट उचलणं हेच तर या साबणाचं काम. आज वॅक्स केलं आणि उद्या भांड्याच्या लिक्विडने धुतलं, तर वॅक्सचे पैसे निम्मेअर्धे गटारात. पण तुम्ही वॅक्स केलेलंच नसेल तर साबणाने न्यायला तिथे आहे काय? उलट नवीन वॅक्स लावायच्या आधी जुना थर काढायला बरेच जण मुद्दाम याच साबणाने एकदा धुतात.

कार शाम्पूतही फेस करणारी द्रव्यं याच जातीची असतात, फक्त सौम्य. आणि त्यात बुळबुळीतपणा मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणजे फडक्याखाली आलेला कण घासत न जाता घसरत जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यासाठीच मी स्वतः शाम्पू वापरते.

एक "पण" मात्र आहे आणि तो मोठा आहे. हे सगळं *लिक्विड* या वस्तूबद्दल झालं. भांड्याची वडी असेल तर तिच्यात सोडा असतो, शिवाय दगडाची पूड भरलेली असते, ती गाडीजवळसुद्धा नेऊ नका. कपड्याच्या पावडरीतही सोडा (चहाबाज, तुमच्या काकांना सांगा). आणि दारावर पाच लिटरच्या कॅनमध्ये सुटं लिक्विड विकायला येतात, त्याची तर कुणीच खात्री देऊ शकत नाही. घाईत कॉस्टिक जास्त पडलं की माल अल्कली होतो. तो फेस भरपूर देतो, भांडी लख्ख निघतात, गिऱ्हाईक खूश. अशा पाण्याने उघडं ॲल्युमिनियम काळवंडतं, म्हणजे छतावरच्या पट्ट्या वगैरे.

तुमचं कुठलं आहे हे घरीच बघता येईल. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर बोटाने दोन-तीन पट्टे ओढा, वाळू द्या. एका पट्ट्यावर अंगाच्या साबणाचं पाणी टाका. तो लालसर तपकिरी होईल. हळदीला चुन्याची निवळी लागली की कुंकू होतं, तोच प्रकार. दुसऱ्या पट्ट्यावर तुमचं लिक्विड थोड्या पाण्यात मिसळून टाका. पिवळा राहिला तर काळजी नाही.

टॉर्कवेडा
सोमवार, सकाळी ८:१२

लिंबाचं मागे घेतो. मग मित्राची लाल गाडी?

कुपवाडकरीण
सोमवार, सकाळी ८:३०

उन्हात उभी असते का?

टॉर्कवेडा
सोमवार, सकाळी ८:३३

...असते.

रंगवाले मामा
सोमवार, दुपारी २:५०

ताई, नमस्कार. कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मला टायपिंग जमत नाही, पोरगं लिहून देतंय, चुकलं तर त्याला बोला.

मॅडमनी वर साबणाचं सांगितलं ते बरोबर. पण तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि मला एकच शब्द टोचला: घासणी.

कुठली घासणी, ते सांगा. एका बाजूला पिवळा स्पंज आणि दुसऱ्या बाजूला हिरवं असं असेल, तर त्या हिरव्यात आणि माझ्या दुकानातल्या पॉलिश पेपरात फार फरक नाही. त्याच जातीची खर दोन्हीकडं चिकटवलेली असते. आम्ही रंगाला दोन हजार नंबरचा पेपर मारतो तो मोजून, पाणी सोडत, आणि नंतर मशिनवर बफिंग करून चमक परत आणतो. तुमचे वडील पेपर मारत्यात, पण बफिंग करत नाहीत. मग जाळी दिसणारच की. गोल गोल दिसते कारण माणसाचा हात गोल फिरतो.

वडिलांनी पिवळीच बाजू वापरली म्हणून सांगितलं तरी मी पुढं विचारणार: आधी पाण्याचा पाईप मारला होता का? तुमच्याकडं बांधकामाची धूळ आहे. ती माती नव्हे, ती सिमेंट आणि क्रशसँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. कोरड्या गाडीवर ओलं फडकं ठेवून ओढलं की एकेक कण रेघ मारत जातो. मग साबण भांड्याचा असू दे नाहीतर परदेशातून आणलेला असू दे. आणि एक बादली असली की तोच चिखल फडक्यातून बादलीत आणि बादलीतून परत गाडीवर. दोन बादल्या पाहिजेत. एकीत साबण, एकीत साधं पाणी. फडकं साबणात बुडवायच्या आधी साध्या पाण्यात पिळायचं. छतापासून खाली यायचं, दाराच्या खालचा भाग आणि चाकं शेवटी, त्याला फडकंसुद्धा वेगळं. बनियनचं फडकं नको. त्याची शिवण कडक असते, आणि एखादं बटण राहिलेलं शर्टाचं फडकं तर मी स्वतः बघितलंय.

अजून एक. सोसायटीत रोज सकाळी एक पोरगा येऊन वीस गाड्या पुसत असतो. एकच फडकं, एकच बादली, गाड्या वीस. तुमच्या गाडीलाही तो असंल तर अर्धी जाळी त्याची धरा. वडिलांच्या नावावर सगळं घालू नका.

आता क्लिअर, आम्ही त्याला लॅकर म्हणतो. कंपनीचा सगळा रंग मिळून, खालच्या प्रायमरपासून वरच्या लॅकरपर्यंत, शंभर-सव्वाशे मायक्रॉन असतो. त्यात लॅकर चाळीस-पन्नास. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन, म्हणजे लॅकर केसापेक्षा पातळ. एकदा चांगलं रबिंग केलं की दोन-चार मायक्रॉन जातात. म्हणून मी गिऱ्हाईकाला सारखं रबिंग करू देत नाही, पैसे मिळत असले तरी. लॅकर खरोखर गेला की रंग मंद दिसत नाही, चट्टा पडतो. पांढरट, कडा उठलेला, उन्हानं माणसाची साल निघते ना, तसा. तो आधी छतावर आणि बॉनेटवर येतो, कारण ऊन तिथं जास्त. साबणानं तसा चट्टा आलेला मी बावीस वर्षांत बघितला नाही.

त्या माणसाला म्हणावं, रंगाची जाडी मोजायचं मीटर लाव आणि आकडा दाखव. शंभरच्या वर असला तर रंग जागेवर आहे. दोनशे-अडीचशे आला तर त्या पॅनलला आधीच कुणीतरी परत रंग मारलाय. सेकंडहँड गाडी आहे, तेवढं तरी कळेल.

आणि ताई, धुवायची वेळ. दहाला बॉनेट तापलेला असतो. साबण वाळतो, पाणी वाळतं, पाणी उडून गेलं तरी क्षार राहतात. तुमचे पांढरे ठिपके तेच. सकाळी सातला, नाहीतर संध्याकाळी सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या.

वडिलांना थांबवू नका. एसटीतला माणूस हाताला काम नसलं की आजारी पडतो, माझे सासरे तसेच होते.

चहाबाज
सोमवार, दुपारी ३:१५

मामा, वाचनखूण साठवली. दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढलं होतं, त्याचा डाग अजून आहे. काकांनी पावडरीने घासल्यावर पिवळ्याचा लाल झाला. आता वरचं हळदीचं वाचून उलगडा झाला!

रंगवाले मामा
सोमवार, दुपारी ४:०२

हळद असंल तर घासू नका. गाडी आठवडाभर उन्हात लावा, हळदीचा रंग ऊन खातं. कुंकवाचं सांगता येत नाही, हल्ली त्यात केमिकलचा रंग असतोय. पुढच्या वर्षी काचेवर काढा स्वस्तिक, देवाला चालतं.

बर्फातला_सातारकर
सोमवार, रात्री १०:२०

मी मिनेसोटात आहे. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी पापडाच्या लाट्यांसारखी पांढरी होते. त्यामुळे मिठाची भीती काय असते ते इथे येऊन बघा, ०.४ ग्रॅम वाचून हसू आलं.

इथेही लोक याच प्रश्नावर भांडतात. तेलगळतीत सापडलेले पक्षी ज्या भांड्याच्या साबणाने धुतात, त्याच्या जाहिरातीत बदकाची पिल्लं असतात. "पिल्लाला चालतो तर गाडीला का नाही," असं एक गट म्हणतो. दुसरा गट म्हणतो की पिल्लाच्या पिसांवरचंसुद्धा सगळं तेल निघून जातं, म्हणून तर त्याला लगेच सोडत नाहीत, पिसं पुन्हा पाणी झटकू लागेपर्यंत ठेवून घेतात. गाडीचंही तसंच आहे असं मला वाटतं. मी वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, भांड्याच्या साबणाने धुतो आणि त्याच दिवशी वॅक्स करतो. एरवी शाम्पू.

अवांतर: पुढच्या काचेवर वायपर फटफट करत असेल तर काच एकदा भांड्याच्या साबणाने धुवा. काचेवर चढलेला तेलकट थर निघतो. वायपरच्या टाकीत मात्र साबण ओतू नका, फेस होतो.

मोरपंखी
मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. मामा, घासणी हिरवीच निघाली. मी काही न बोलता तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात करून बाबांच्या पुढ्यात मोबाईल ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, "पेपर मारत्यात, पण बफिंग करत नाहीत" इथे थांबले, आणि म्हणाले, "माणूस कामातला दिसतोय." बोलणं सुरू झालंय.

पण त्यांना साबणाचं पटलेलं नाही. शाम्पू आणि लिक्विड यांत फरक काय पडतो ते समोर दिसलं पाहिजे म्हणतात. तेव्हा प्रयोग ठरलाय. सांगतेच.

मोरपंखी
पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:३०

मंडळी, अहवाल.

आधी बाबांनी आणि मी पूर्ण बॉनेटला डब्यातलं वॅक्स लावलं. मग बरोबर मधोमध, लोगोपासून काचेपर्यंत, रंगवाले लावतात ती कागदी टेप. डावीकडची बाजू बाबांची, भांड्याचं लिक्विड, दुकानातली सीलबंद बाटली. उजवीकडची माझी, कार शाम्पू. दोघांनाही सारखी मायक्रोफायबरची फडकी, आधी पाईपने धूळ काढायची, प्रत्येकाच्या दोन बादल्या, वेळ सकाळी सात. चार रविवार. तिसऱ्या रविवारी सोसायटीतली पाच-सहा माणसं चहा घेऊन बघायला उभी होती. सेक्रेटरींनी चार बादल्यांवरून पाण्याची आठवण करून दिली, तेव्हा बाबांनी गेल्या तीन महिन्यांच्या एकेका बादलीचा हिशेब मांडून शिल्लक दाखवली. फोटो काढले आहेत, पण त्यात कागदी टेपशिवाय काही कळत नाही, त्यामुळे लिहूनच सांगते.

पहिल्या रविवारी काहीच फरक नाही. दोन्हीकडे पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे. बाबा खूश.

दुसऱ्या रविवारी त्यांच्या बाजूचे थेंब जरा बसके वाटले. मी म्हटलं वाटतात, ते म्हणाले नाही. शेजारच्या काकूंना पंच केलं, त्या म्हणाल्या सारखेच आहेत.

चौथ्या रविवारी पंचाची गरजच पडली नाही. माझ्या बाजूला थेंब मोहरीएवढे, बोटाने ढकलले की पळतात. बाबांच्या बाजूला पाणी नुसतं पसरून बसलं होतं, फरशीवर सांडल्यासारखं. बाबांनी बोट फिरवून बघितलं, वाकून आडव्या नजरेने बघितलं, मग म्हणाले, "मेण गेलं. रंग आहे." म्हणजे दोघंही जिंकलो. रंगात काडीचा फरक नाही, नवी जाळीही कुठल्याच बाजूला नाही.

मीटर मामांच्या सांगण्यावरून दुसरीकडे लावून घेतलं. बॉनेट ११२, छत १०८. डावं मागचं दार २६०! म्हणजे मला विकताना "एकही पॅनल रिपेंट नाही" म्हणून सांगितलं होतं ते गेलं वाऱ्यावर. असो, त्यावर वेगळा धागा काढेन.

छतावरचे ठिपके पाण्याचेच होते. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं ओलं केलं, मिनिटभर ठेवलं, मग भरपूर पाण्याने धुतलं. बहुतेक गेले. सात-आठ राहिलेत, ते रंगात उतरलेत बहुधा. राहू देत. सिरॅमिकवाल्याचे दोन फोन येऊन गेले.

आता कुपवाडकरीण ताईंसाठी. तुमची हळदीची परीक्षा आम्ही प्रयोगाच्या आदल्या दिवशीच केली होती, पण ते तेव्हा लिहिलं नाही. कारण सांगते.

बाबा तीन महिने वापरत होते ते लिक्विड बाटलीतलं दिसत होतं. बाटली कंपनीची, आतला माल दारावर येणाऱ्या कॅनमधला. आई ती बाटली भरून ठेवायची. पाच लिटर दोनशे रुपयांना, फेस भरपूर. मी कागदावर चार पट्टे ओढले. अंगाच्या साबणाचा लाल झाला. दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीचा पिवळाच राहिला. शाम्पूचा पिवळाच. आणि कॅनमधल्या लिक्विडचा पट्टा अंगाच्या साबणापेक्षा जास्त लाल, जवळजवळ विटेच्या रंगाचा, आणि तोही थेंब पडल्या पडल्या.

बाबा म्हणाले, बरं झालं, हे गाडीला नको. मी म्हटलं, बरोबर. आम्ही दोघं कागद उचलून गाडीबद्दलच बोलत होतो. आई ओट्यापाशी उभी होती. तिने कागद बघितला, मग स्वतःचे हात बघितले. दिवाळीपासून ती सांगत होती की पुण्याचं पाणी मला बाधतंय, बोटांची सालं निघतात, रात्री चुरचुरतं. मी तिला क्रीम आणून दिलं होतं आणि विसरले होते.

ती काही रागावून बोलली नाही. "होय गं, तरीच," एवढंच म्हणाली आणि कॅन उचलून संडासात ठेवून आली.

आता भांडी सीलबंद बाटलीने घासतो. पाच आठवड्यांत तिची बोटं बरीच बरी आहेत, उजव्या हाताचं तेवढं मधलं बोट अजून फाटलेलं आहे. आज सकाळी बाबांनी बॉनेटवरची टेप काढली. आपल्या अर्ध्या बाजूला पुन्हा वॅक्स लावून झाल्यावर डबा घेऊन वर आले आणि आईला विचारलं, "हे हाताला चालतं का गं?"

कुपवाडकरीण
रविवार, दुपारी १:५२

वॅक्स नको म्हणावं. रात्री खोबरेल लावून सुती हातमोजे घालायला सांगा. आणि एका बोटाला एवढे दिवस झालेत तर डॉक्टरांना दाखवा.

रंगवाले मामा
रविवार, संध्याकाळी ६:४०

मागचं डावं दार २६० म्हणजे परत रंग मारलेला आहे, एवढंच. घाबरू नका. वडिलांना नमस्कार सांगा. कोल्हापुरास आले तर दुकानावर यायला सांगा, बफिंग मशिन त्यांच्या हातात देतो.